जुन्या घराचे खण

(ज्ञातिमंडळाच्या दौंड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी दोन महिन्यांपूर्वी मला पत्र धाडून ‘जुन्या घरातील खोल्यांची अल्प खर्चात सजावट’ या विषयावर बोलावे अशी आज्ञा केली. विषय वाचून प्रथम हसू आले. मी १९७५ सालचा, जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून अडतीस वर्षे शिरूर तालुक्यातील प्राथमिक शाळांतून खडू झिजविला. सजावटीशी माझा संबंध फार तर गणपतीच्या मखरापुरता. परंतु पत्राच्या तळाशी चिटणीसांनी एक ओळ जोडली होती : ‘गुरुजी, आपण आपल्या घरात काय केले, तेवढेच सांगा.’ त्या ओळीने मी अडकलो. कारण माझ्या घरात मी सजावट दोन वेळा केली आहे. एकदा चुकीची आणि एकदा, ईश्वरकृपेने, बरी. बरी सांगायची तर चुकीचीही सांगितली पाहिजे.

आपण शिंपी लोक. ‘खण’ हा शब्द आपल्याइतका दोन्ही अंगांनी दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असेल. चोळीचा खण आपण बेतला आणि शिवला. आणि ज्या घरात बसून शिवला ते घरही खणांनीच मोजले जाई. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. घोडनदीच्या पेठेत (शिरूरला आम्ही जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतो) आमचे घर पाच खणांचे. रस्त्यालगत ओटा व दुकान, मागे सोपा, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर आणि परसू. जोते काळ्या दगडाचे, त्यावर कच्च्या विटांच्या दीड हात रुंद भिंती, वरून पांढऱ्या मातीचा गिलावा. माथ्यावर पूर्वी मातीचे धाबे होते. आपला हा शिरूर-दौंडचा टापू पर्जन्यछायेचा. कोकणासारखे उतरते छप्पर येथे लागत नसे. त्या धाब्यात उजेडासाठी एक भोक ठेवलेले असे, त्याला साणे म्हणत. सकाळी दहाच्या सुमारास साण्यातून येणारा उन्हाचा कवडसा नेमका वडिलांच्या मशीनवर पडे आणि ते त्या वेळी सुईत दोरा ओवून घेत. १९७२ च्या दुष्काळानंतर वडिलांनी धाबे उतरवून पत्रा घातला. साणे गेले. माजघर तेव्हापासून अंधारले, ते पुढे पंचेचाळीस वर्षे अंधारातच राहिले.

आता माझी चूक सांगतो. २००९ साली माझ्या मुलीचे लग्न ठरावयाचे होते. पाहुणे येणार, ते सोप्यात बसणार, आणि सोप्यातून माजघर दिसणार. माझी आई माजघरात निजत असे. तिच्या खाटेमागच्या भिंतीचा गिलावा जागोजागी ढासळलेला, दोन कोनाडे दिव्याच्या काजळीने काळे झालेले. मला लाज वाटली. शाळेतील पोरांना मी शिकवीत असे की, गरिबीची लाज बाळगू नये; परंतु विहिणीपुढे ती बाळगावी लागते असे त्या वेळी मला वाटले. मी पतसंस्थेतून कर्ज काढले, कंत्राटदार बोलाविला आणि अडतीस हजार रुपये घालून माजघर ‘नवे’ करून घेतले. मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा, त्यावर लांबी, त्यावर गुलाबी तैलरंग, आणि पत्र्याखाली प्लास्टर ऑफ पॅरिसचे नक्षीदार छत. भिंत सपाट यावी म्हणून दोन्ही कोनाडे विटांनी बुजविले.

आई देवदर्शनाला गेली होती. परत आली, खोलीच्या मध्यभागी उभी राहिली आणि म्हणाली, “माझे कोनाडे कुठं गेले?” एका कोनाड्यात ती सुया, दोरे व अंगुस्तान ठेवीत असे, दुसऱ्यात दिवा. मी म्हणालो, “आई, आता कपाट घेऊ.” ती पुढे काही बोलली नाही. कपाट घेतले गेले नाही. पैसे संपले होते.

लग्न झाले. मुलगी सुखात आहे. पाहुण्यांपैकी एकानेही त्या गुलाबी भिंतीकडे पाहिल्याचे मला आठवत नाही. त्यांचे लक्ष जेवणाच्या व्यवस्थेकडे होते. पुढच्या पावसाळ्यात जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत रंगाला फोड आले. दिवाळीपर्यंत फोडांचे पोपडे झाले आणि पोपड्यांमागे पांढरा लोणा फुलला. त्याच्या पुढल्या वर्षी ओल कमरेइतकी चढली. खोलीत कुबट वास भरून राहू लागला. आईला दमा होताच. डॉक्टरांनी खोली कोरडी व हवेशीर ठेवण्यास सांगितले. मी त्या भिंतीवर पुन्हा रंग दिला. तिसऱ्या पावसाळ्यात आईने आपली खाट स्वतः ओढत सोप्यात आणली, आणि २०१३ साली ती गेली तोवर तिथेच निजली. ज्या खोलीत तिने पन्नास वर्षे काढली, ती खोली मी सुंदर केली आणि तिला तीत राहता येईना. दम्याचे कारण भिंतच होती असे मी म्हणत नाही, तो तिला आधीपासून होता. परंतु तिचा त्रास कोणत्या खोलीत वाढे आणि कोणत्या खोलीत उतरे, हे घरातील सर्वांना दिसत होते.

असे का झाले, हे मला निवृत्तीनंतर, २०१७ साली भिंत उकरताना उमगले. वास्तविक ते मी चौथीच्या मुलांना शिकवीत आलो होतो. कंदिलाची वात रॉकेल वर चढविते, टिपकागद शाई ओढतो, तद्वत मातीची भिंत जमिनीतील ओल ओढते. हा तिचा स्वभावच होय. जुन्या भिंतीत ही ओल हातभर चढे आणि माती व चुना यांच्या पृष्ठभागातून वाळून हवेत जाई. भिंत जितके पाणी पिई तितके टाकून देई. आपण तिच्या अंगावर सिमेंट आणि तैलरंग यांचा अंगरखा चढविला. ओल खालून येणे थांबले नाही, बाहेर पडणे मात्र थांबले. मग ती वाट शोधीत वर चढली आणि आपल्याबरोबर जमिनीतील क्षार घेऊन आली. ते क्षार रंगामागे साचून फुगले व त्यांनी रंग ढकलून दिला. आपल्याकडे कालव्याच्या भागातील चोपण जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. जे शेतात होते तेच भिंतीत होते.

येथे गैरसमज नको. सिमेंट वाईट असे माझे म्हणणे नाही. सिमेंटात बांधलेल्या पक्क्या विटांच्या घराला सिमेंटचा गिलावा योग्यच आहे आणि न्हाणीघरात त्यावाचून चालत नाही. परंतु आजच्या सिमेंटचे, म्हणजे पोर्टलंड सिमेंटचे, पेटंट इंग्लंडात १८२४ साली घेतले गेले, आणि पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली उभा राहिला. आपल्या आजे-पणजांनी माती, चुना, दगड व लाकूड यांची जी घरे बांधली, त्यांना सिमेंट ठाऊकच नव्हते. मांजरपाटाच्या सदऱ्याला ताडपत्रीचे ठिगळ लावले तर फाटतो सदराच. हे आपल्याला तरी कळावयास हवे होते.

तेव्हा २०१७ साली मी काय केले ते क्रमाने सांगतो.

सर्वांआधी खोलीत हातच लावला नाही, घराबाहेर गेलो. माझ्या लहानपणी रस्त्यावरून आमच्या ओट्यावर यावयास तीन पायऱ्या चढाव्या लागत. दर काही वर्षांनी रस्ता नवा होतो आणि प्रत्येक वेळी जुन्यावरच नवा थर पडतो. आज एकच पायरी उरली आहे. पावसाचे पाणी जोत्याशी तुंबते, तेच भिंत पिते. पेठेतील निम्म्या घरांची हीच कथा असेल. मी जोत्यालगत दीड फूट खोल चर खणून त्यात दगडगोटे भरले आणि त्याला गटाराकडे उतार दिला. परसातील न्हाणीचे पाणी भिंतीशी मुरत होते, त्याला नळी जोडून ते दूर नेले. या कामाला एकोणीसशे रुपये लागले आणि ते झाल्यावर घरात काहीही सुंदर दिसू लागले नाही. शेजारी विचारीत, “गुरुजी, रंग कधी?” मी म्हणे, “पुढच्या वर्षी.” एक पावसाळा मी भिंत नुसती तपासली. पाणी थांबल्यावाचून रंगावर घातलेला रुपया गटारात घातल्यासारखा होतो, हा धडा मी अडतीस हजारांना विकत घेतला होता.

मग सिमेंट उतरविले. गवंडी आणि बिगारी पाच दिवस होते. ठोकताना आतील कच्च्या विटा फुटू नयेत म्हणून छिन्नी आडवी धरून, हलक्या हाताने काम करावे लागते. घाईच्या माणसाला ते देऊ नये. उघड्या भिंती दोन महिने तशाच वाळू दिल्या. त्या दोन महिन्यांत आमच्या मंडळींनी मला जे ऐकविले ते येथे सांगण्याजोगे नाही. कोनाड्यांच्या विटा काढताना आत काय सापडते म्हणून नातवंडे कंदील घेऊन बसली होती. सापडली ती फक्त काजळी. गवंड्याला मी म्हणालो, “आत चुना फिरवू नकोस, असू दे.” पुढच्या दिवाळीत मंडळींनी तिथेही चुना फिरविलाच. आता दोन्ही कोनाडे पांढरे स्वच्छ आहेत आणि त्यांत नातीची पुस्तके असतात.

गिलाव्यासाठी पांढरी माती आणली. ती चाळून भिजत घातली, तीत गव्हाचा भुसा व थोडे शेण कालवून आठ दिवस कुजू दिली आणि दररोज तुडविली. भुशाचे तंतू मातीला धरून ठेवतात व वाळताना भेगा पडू देत नाहीत. आपण अस्तराच्या कापडात जे काम दोऱ्याकडून घेतो तेच हे. एकाच वेळी जाड थर न देता दोन पातळ थर दिले.

त्यावर चुना. चुन्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण हे ज्ञान आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे. बाजारात तयार भुकटी मिळते, तिची कळ धरत नाही. कळीचा चुना मागावा. पाण्यात पडताच तो उकळतो व वाफ फेकतो, म्हणून लोखंडी किंवा मातीचे भांडे घ्यावे, आधी पाणी व मग चुना असा क्रम ठेवावा, मुलांना दूर ठेवावे आणि डोळे फार जपावे. डोळ्यात उडाल्यास पुष्कळ पाण्याने धुवून तडक दवाखाना गाठावा. एक किलो चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी लागते. किमान दोन दिवस भिजवावा. आठवडाभर मुरला तर उत्तम. मग जुन्या धोतराच्या कापडातून गाळून घ्यावा, त्यात भिजविलेला डिंक घालावा आणि चिमटीभर नीळ. नीळ जास्त पडली तर खोली रुग्णालयासारखी दिसते. लावण्याआधी भिंतीवर पाणी शिंपडावे. द्रावण दुधाइतके पातळ असावे. पहिला हात लावल्यावर भिंत जवळजवळ तशीच दिसते आणि नवखा माणूस घाबरून चुना दाट करतो. तेवढे करू नये. वाळता वाळता तो पांढरा होतो, कारण हवेतील कार्बन वायू शोषून चुना पुन्हा दगड बनत असतो. दाट लावला तर पापुद्रे निघून अंगरख्याला चिकटतो. पातळ तीन हात, दर हातामध्ये एक दिवस, म्हणजे काम झाले.

रंग हवा असल्यास काव, पिवडी, हिरमजी हे मातीचे रंग चुन्यात टिकतात. पुष्कळसे इतर रंग चुन्याच्या दाहाने विटतात. ओला रंग वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून दाराआड एका कोपऱ्यात आधी लावून पाहावा. खाली हातभर उंचीचा कावेचा पट्टा पूर्वी सर्व घरांत असे. तो शोभेसाठी आहे असे मला वाटे. सारवणाचे शिंतोडे, लहान मुलांचे पाय, झाडूचे फटकारे हे सगळे त्या पट्ट्यावर जिरते आणि दरवर्षी तेवढाच पट्टा पुन्हा काढला की खोली नवी दिसते. हे खरे कारण.

पत्र्याखालचे प्लास्टरचे छत उतरविले तेव्हा त्यावर उंदराची दोन घरटी, वाळवीचा माग आणि एका तुळईचे कुजलेले टोक निघाले. या आच्छादनाने आठ वर्षे ते सर्व माझ्यापासून लपवून ठेवले होते. तुळईला सुताराने जोड दिला. ज्यांच्या घरांवर आजही धाबे आहे त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : खोली सजविण्यापूर्वी माथा पाहा. गळती थांबविण्यासाठी दरसाल वर माती टाकीत गेल्याने धाब्याचे ओझे वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, त्यांतील कितीतरी अशाच जड माथ्याखाली आणि गोट्यांच्या भिंतींखाली गाडली गेली. त्यानंतर त्या भागात उरलेली घरे बळकट करताना जी कामे सांगण्यात आली, त्यांत धाब्याची जादा माती उतरविणे आणि खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे आधार ठोकणे ही होती. दोन्ही कामे गावचा सुतार करू शकतो. भिंतीवर चित्र टांगण्याआधी ती करावीत.

पत्र्यात मी एक पारदर्शक पत्रा बसविला. तेराशे रुपयांत साणे परत आले. या एका बदलाने खोलीत जे झाले ते रंगाच्या चार डब्यांनी झाले नसते. आपल्या जुन्या घरांचे दैन्य पुष्कळदा दैन्य नसून अंधार असतो. सूर्य मात्र उन्हाळ्यात त्याच पत्र्यातून आग ओततो, त्यावर उपाय आपल्या धंद्यातच सापडला. पूर्वी धाब्यातील माती अंगावर पडू नये म्हणून वाड्यांतून कापडी छत ताणीत. मी माजघरासाठी मांजरपाटाचे छत शिवले. बारा फूट लांब, दहा फूट रुंद खोली. छत्तीस इंची पन्ह्याचे चार पट्टे, प्रत्येकी चार मीटर, म्हणजे सोळा मीटर कापड. कापड बेतण्यापूर्वी धुवून घेतले, कारण मांजरपाट आटतो; वीतभर कमी पडले की छत लोंबते. कडेला नाड्या शिवल्या आणि त्या खिळ्यांना बांधल्या, म्हणजे दर दिवाळीस काढून धुता येते. दिवा व विजेची तार यांपासून ते हातभर दूर ठेवले आहे, ही काळजी अत्यावश्यक समजावी. दुपारी कापडातून गाळून येणारा उजेड थंड असतो. उरलेल्या दहा मीटरांत खिडक्यांचे पडदे झाले. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्यावे, म्हणजे चुण्या नीट पडतात. कापड वाचविण्यासाठी खिडकीइतकाच पडदा शिवणारा माणूस शिंपी नव्हे.

पत्र्याचा ताप वरूनही कमी होतो. पक्क्या स्लॅबवर चुन्याचे पांढरे हात दिले तर ऊन परतते. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम चालविला आहे, तो याच तत्त्वावर. मात्र पत्र्यावर चुना टिकत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो. तिथे छपरासाठी मिळणारा पांढरा रंग लावावा.

आता हिशेब. मजुरी ५,५००, माती व भुसा वाहतुकीसह १,४००, चुना-डिंक-नीळ-काव मिळून ७००, पारदर्शक पत्रा १,३००, मांजरपाट २६ मीटर १,१७०, बाहेरचा चर १,९००. एकूण ११,९७०, बारा हजारांस तीस रुपये कमी. तुळईच्या सुताराने मजुरी घेतली नाही, तो माझा विद्यार्थी होता. हे भाव २०१७ चे, आज यात भर पडेल. परंतु प्रमाण पाहा : जवळजवळ निम्मा पैसा मजुरीला गेला, आणि तीही माझीच आधीची करणी उतरविण्यासाठी.

तो अडतीस हजारांचा पहिला खर्च आणि हा बारा हजारांचा दुसरा, यांची गोष्ट मी येथवर सांगितली ती शिरूरची. मेळावा दौंडला आहे आणि दुसऱ्या रांगेत माझी थोरली बहीण बसली आहे. तिच्या अनुमतीने दौंडचीही सांगतो.

अक्काचे यजमान रेल्वेत होते. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला तेव्हापासून हे गाव गाड्यांच्या वेळापत्रकावर जगत आले आहे. अक्काचे दोन खोल्यांचे घर रुळांपासून फार लांब नाही. पक्क्या विटांचे, मंगलोरी कौलांचे. वाफेच्या एंजिनांच्या काळात वाळत घातलेल्या धोतरांवर काजळीचे ठिपके पडत, आणि त्या काळच्या धुराने घराच्या दारांना हिरवा तैलरंग देण्याची सवय लावली; थरावर थर चढत गेले. गेल्या वर्षी अक्काच्या नातीसाठी स्थळ पाहणे सुरू झाले. माझे भाचे हडपसरला असतात. त्यांनी आईला सांगितले, “पुढची खोली पाडून नवीन हॉल करू, तीन लाख कर्ज मिळते.” अक्काने मला फोन केला : “अरे, तू एकदा ये. हे घर पाडायचे म्हणतात.” मी न्हावऱ्यावरून, चौफुल्याला गाडी बदलून गेलो.

तिचे घर पाहून मला प्रथम जाणवले ते असे की, तिथे काही आणण्यापेक्षा काही काढण्याची गरज अधिक होती. पुढच्या खोलीतील एकुलत्या एक मोठ्या खिडकीपुढे लोखंडी कपाट उभे होते. ते आतील भिंतीशी नेले. बिघडलेला दूरदर्शन संच, तीन पायांचे टेबल, लग्नांत आलेली आणि कधी न उघडलेली भांड्यांची खोकी, सुनांच्या बाळंतपणातला पाळणा. या सर्वांनी अर्धी खोली व्यापली होती. पाळणा सोडून बाकीचे निघाले. पाळण्याला अक्काने हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच झाले. कौलांपैकी दोन काचेची बसविली. भिंती पक्क्या विटांच्या व सिमेंटातील असल्याने त्यांना साधे डिस्टेंपर पुरले. शहाबादी फरशी सोडा घालून घासली, तेव्हा भाच्यांना प्रथमच कळले की तिचा रंग निळसर आहे.

दारांच्या बाबतीत मात्र सावधगिरी सांगितली पाहिजे. जुन्या तैलरंगांत शिसे असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दर दहा लाख भागांत नव्वद भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात अंमलात आले. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ पोरांच्या पोटात जाते, आणि शिसे मुलांच्या बुद्धीला बाधते. म्हणून आम्ही रंग ओला करून खरवडला, खाली कागद अंथरले, पोरांना दोन दिवस मावशीकडे पाठविले. मग साग उघडा पडला. त्याला जवसाचे तेल चोळले. येथे आपल्या लोकांसाठी एक खास सूचना : आपण तेल चोळावयास कातरण वापरणार, ती घरात पुष्कळ असते. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या अंगणात पसरून वाळवाव्यात.

बैठकीवर अक्काने स्वतः शिवलेली गोधडी अंथरली. भाच्यांना ती आत ठेवावीशी वाटत होती. सोफा भाड्याने आणण्याचाही विचार होता. शेवटी गोधडी राहिली. दोन खोल्यांना मिळून एकवीस हजारांच्या आसपास खर्च आला. कर्ज काढावे लागले नाही.

पाहुणे आले, चहा-पोहे झाले, आणि पंधरा दिवसांनी नकार आला. मी हे गाळणार होतो, पण अक्काच म्हणाली की सांगितलेच पाहिजे. नकाराचे कारण त्यांनी मुलीच्या नोकरीचे दिले. माझा मोठा भाचा मात्र मला फोनवर म्हणाला, “मामा, हॉल केला असता तर?” त्याला काय उत्तर द्यावे हे मला त्या दिवशी सुचले नाही. हॉल केला असता तर कदाचित होकार आला असता. मी ज्योतिषी नाही. एवढे खरे की, मग आज त्या घरावर तीन लाखांचे कर्ज असते आणि मुलीच्या पगाराचा हप्ता त्यात जात असता. २००९ साली मी ज्या लाजेपोटी कर्ज काढले, तीच लाज माझ्या भाच्याला छळीत होती, आणि ती त्याने कोठून उचलली हे मला पक्के ठाऊक आहे. त्याने मामाचे गुलाबी माजघर पाहिले होते.

आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचीत मुलाची उंची, शिक्षण, पगार यांच्या जोडीला ‘स्वतःचे घर’ असा रकाना आहे. तो असू द्यावा. परंतु आपण स्थळ पाहावयास जातो तेव्हा जुन्या घराच्या उंबऱ्यात नाक मुरडणारी माणसे आपल्यातच असतात, आणि मीही त्यांपैकी एक होतो. अध्यक्षमहाराजांना माझी सूचना आहे की, मंडळाने शैक्षणिक साहाय्याबरोबर घरदुरुस्तीसाठीही एक छोटा, बिनव्याजी निधी ठेवावा. दहा-पंधरा हजारांपर्यंतचा, छप्पर, चर व उजेड एवढ्याच कामांसाठी. छत-नक्षीसाठी नव्हे. एखाद्या विधवा भगिनीचे गळके छप्पर त्यातून निघेल. यावर पुढील बैठकीत विचार व्हावा.

अक्काची नात त्या मोठ्या खिडकीशी टेबल टाकून आता घरूनच नोकरीचे काम करते. कपाट होते तिथे.

चिटणीसांनी घड्याळ दाखविले आहे, तेव्हा एकच निरोप देऊन थांबतो. दिवाळीसाठी मी या वेळी चुना जरा जास्त भिजविला आहे. आमच्या परसात पिंपात झाकून ठेवला आहे, महिनाभर मुरला आहे. शिरूरकडील ज्या कोणा बंधुभगिनींना एखादी भिंत करून पाहावयाची असेल त्यांनी अवश्य न्यावा. येताना झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणावा. ॲल्युमिनियमचे भांडे आणू नये, चुना ते खाऊन टाकतो.